धरणाच्या काठावर गळ टाकण्यापूर्वी पाणी कुठवर आले आहे ते पाहावे

कोथरूडला राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, दिवाळीत त्यांनी रॉड आणि रीळ घेतले, त्यानंतर पाच रविवार खडकवासल्याच्या चौपाटीजवळ पहाटे साडेपाचपासून नऊपर्यंत बसून काढले, परंतु एकदाही मासा लागला नाही. अकरा वर्षांची मुलगी उत्साहाने बरोबर येते. पत्नीला गळ टाकण्यात रस नाही, मात्र डोंगर आणि पक्षी आवडतात. तेव्हा पुण्याजवळ कोणत्या धरणावर जावे, गळ आणि चारा कोणता वापरावा आणि तिघांचाही दिवस चांगला जाईल अशी जागा कोणती, असा त्यांचा प्रश्न आहे. मी या धरणांच्या काठावर तीस वर्षांहून अधिक काळ गळ टाकत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देतो.

नवे साहित्य घेण्याची घाई करू नका. जे घेतले आहे त्यावर मासा लागू शकतो. अडचण जागेची आणि वेळेची आहे. पुण्याच्या आसपास आपण ज्यांना तलाव म्हणतो ते जवळजवळ सगळे अडवलेले पाणी आहे, आणि त्यातले मोठे साठे धरणांचे आहेत. धरणाचे पाणी पावसाळ्यात चढते आणि मग कालव्याची आवर्तने व शहराचा पुरवठा यांमुळे मे अखेरपर्यंत उतरत राहते. काठ त्याबरोबर कित्येक मीटर वरखाली होतो आणि उथळ उताराच्या ठिकाणी तो शेकडो पावले मागे सरकतो. मासाही काठाबरोबर सरकतो. ऑक्टोबरात जिथे हमखास मासा लागला, तिथे एप्रिलमध्ये भेगाळलेली जमीन असते. म्हणून ‘कोणते धरण’ या प्रश्नाच्या आधी ‘या महिन्यात त्या धरणाचे पाणी कुठवर आहे’ हा प्रश्न विचारायला हवा. पुण्याची वर्तमानपत्रे धरणांचा पाणीसाठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत, छापतात. बहुतेक लोक तो पाणीकपातीच्या काळजीने वाचतात, मी तो रविवारी कुठे बसायचे हे ठरवण्यासाठी वाचतो.

खडकवासल्याचेच पाहा. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या साखळीत वरसगावचा उपयुक्त साठा १२.८२ टीएमसी, पानशेतचा १०.६५, टेमघरचा ३.७१ आणि खडकवासल्याचा अवघा १.९७ टीएमसी आहे. सर्वांत लहान आणि सर्वांत खालचे धरण तेच. वरच्या तिन्ही धरणांतून सोडलेले पाणी येथे येते आणि येथून कालव्याला व शहराला जाते, त्यामुळे हा साठा सतत हलता राहतो. त्यात तुम्ही बसता तो रस्त्याकडेचा काठ दगडी, तीव्र उताराचा आणि रविवारी माणसांनी भरलेला असतो. पलीकडचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीत येतो आणि तेथे जाता येत नाही. मासे खडकवासल्यात आहेत, परंतु तुमच्या वाट्याला आलेला काठ त्यांच्या चरण्याचा नाही. याच जलाशयाचे वरचे टोक, जिथे सांगरूणजवळ मुठा, आंबी आणि मोशी या नद्या एकत्र येतात, ते मासा चरण्याच्या दृष्टीने कितीतरी सरस आहे.

वेळेचेही तसेच. डिसेंबर-जानेवारीत पुण्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते. अशा वेळी काठालगतचे उथळ पाणी रात्रभरात गार होते आणि रोहू, मृगळ, सायप्रिनस हे मासे खोल, स्थिर पाण्यात जाऊन जवळजवळ खाणे थांबवतात. ऊन चढून उथळ पाणी थोडे कोमट झाले की ते पुन्हा काठाकडे येतात. म्हणजे मासा येण्याच्या वेळी तुम्ही सामान आवरून घरी निघता. थंडीच्या या दोन महिन्यांत दहा ते तीन ही वेळ धरा. पहाटे आणि सायंकाळी गळ टाकण्याचा जो नियम सगळे सांगतात तो मार्च ते मे या काळाचा आहे; तेव्हा दुपारचे पाणी तापते आणि मासा सावलीला किंवा खोलवर जातो.

आता जागा कशी ओळखायची ते सांगतो, कारण माझ्या मते या छंदातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्यात भाटघर धरणाच्या वेळवंड खोऱ्यात मी रिकाम्या हातांनी फिरत होतो. काठावर भोई समाजातले एक वृद्ध गृहस्थ जाळे सांधत बसले होते. दिवाळीनंतर येथे मासा कुठे लागतो, असे मी त्यांना विचारले. ते काही न बोलता उठले आणि मला उतरणीवरून खाली, जिथून पाणी हटले होते त्या कोरड्या तळावर घेऊन गेले. तिथे बुडालेल्या गावाची जुनी भातखाचरे होती. दगडी बांध अजून शाबूत होते, आणि एका बांधाला हातभर रुंदीची खिंड होती, जिच्यातून पूर्वी वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात सोडत असत. त्या खिंडीत उभे राहून ते म्हणाले, “दिवाळीत हितं दोन पुरुष पाणी असतंय. पर मासा ह्याच वाटंनं जातोय. वर पाणी चढलं म्हून त्याची वाट बदलत न्हाई.” मी काठावरचे एक वडाचे झाड आणि समोरच्या डोंगराची सोंड अशी सरळ रेघ मनात धरून ठेवली. नोव्हेंबरात पाणी भरलेले असताना त्याच रेघेवर गळ टाकला, आणि दीड तासात तीन रोहू लागले. त्याआधीच्या दोन वर्षांत मला त्या धरणावर एकही रोहू मिळाला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक उन्हाळ्यात मी एक-दोन दिवस फक्त उघडा पडलेला तळ पाहण्यासाठी जातो. खाचरांचे बांध, ओढ्याचा जुना मार्ग, पडक्या विहिरीचे कठडे, बैलगाडीची वाट, बाभळीची वठलेली खोडे, हे सारे पावसाळ्यानंतर पाण्याखाली जाते आणि मासा त्यांच्याच आसऱ्याने फिरतो. सपाट, उघड्या तळावर त्याला ना आडोसा मिळतो ना अन्न. आता मोबाइल आहे, तेव्हा काठावरच्या न हलणाऱ्या खुणेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. पाणी किती उतरले आहे हे सांगणाऱ्या मोठ्या खुणाही आपल्याकडे आहेत. पवना धरणातले वाघेश्वराचे मंदिर, भाटघरमधले कांबरेश्वराचे मंदिर आणि उजनीतले पळसदेवचे जुने मंदिर पाणी उतरले की वर येते. या मंदिरांची बातमी छापून आली, की त्या धरणाचा तळ पाहायला जाण्याची वेळ झाली असे मी समजतो.

पाणी भरलेले असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नवशिका माणूस एक चूक हमखास करतो. तो सगळी ताकद लावून गळ शक्य तितका दूर फेकतो. त्या दिवसांत गवताळ काठ नुकताच पाण्याखाली गेलेला असतो. गवतातले किडे, गांडुळे, कुजणारा पाला यांसाठी मासा अगदी काठाशी, कधी कधी कमरेएवढ्या पाण्यात येतो. तेव्हा दहा-पंधरा फुटांवर टाकलेला गळ पन्नास फुटांवरच्या गळापेक्षा अधिक कामाचा असतो, मात्र काठावर पाय आपटत चालू नये आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. फेब्रुवारीनंतर पाणी उतरू लागले की हिशेब बदलतो. घटत्या पाण्यात मासा काठाला बिचकतो आणि जिथे उथळ भाग एकदम खोल होतो त्या कडेला धरून राहतो. ती कड शोधण्यासाठी तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, नुसते शिसे बांधून टाकावे आणि ओढत आणावे. शिसे सहज सरकत असेल तर चिखल, टकटक लागत असेल तर दगड, आणि मध्येच जड होऊन वर चढल्यासारखे वाटले तर तिथे कड आहे. हे काम मुलीला द्या, मुलांच्या बोटांना ते फार चटकन कळते.

साहित्याबद्दल थोडक्यात. सात ते नऊ फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, तीन हजार क्रमांकाच्या आसपासचे स्पिनिंग रीळ आणि ०.२८ ते ०.३२ मिलिमीटर जाडीचा तंगूस एवढ्यावर तीन-चार किलोंपर्यंतचा मासा आरामात काढता येतो. तुम्ही लिहिले आहे की दुकानदाराने मोठ्या मापाचे गळ दिले. ते बाजूला ठेवा. चिलापीसाठी १० किंवा १२ क्रमांकाचा आणि रोहू-मृगळासाठी ६ किंवा ८ क्रमांकाचा गळ पुरेसा होतो. क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, हे लक्षात असू द्या. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, नाहीतर घर्षणाने तंगूस तिथेच कमजोर होतो. आणि गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा तो उलटा अणकुचीदार भाग, पकडीने दाबून टाका. मुलगी बरोबर असताना तर हे कराच, कारण माशाच्या तोंडातून गळ सहज निघतो, तसाच तो चुकून बोटात रुतला तरी सहज निघतो.

चाऱ्यासाठी मी गेली कित्येक वर्षे एकच कणीक वापरतो. शेंगदाण्याची पेंड रात्री थोड्या पाण्यात भिजत घालायची, सकाळी पिळून घ्यायची, तीत तितकीच गव्हाची कणीक, मूठभर भाजलेले बेसन आणि चिमूटभर बडीशेपेची पूड घालून पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळायची. नंतर हरभऱ्याएवढी गोळी करून पाण्याने भरलेल्या पेल्यात सोडायची. ती लगेच फुटली तर कणीक कमी पडली, आणि दहा मिनिटांनी पेल्यातून काढल्यावर गोटीसारखी घट्टच असली तर कणीक जास्त झाली. चांगली गोळी पाच-सहा मिनिटांनी कडांकडून विरघळू लागते आणि पाण्यात बारीक ढग सोडते. मासा त्या ढगाच्या वासाने येतो. गळाचे टोक गोळीबाहेर किंचित दिसले पाहिजे. चिलापीला मात्र गांडूळ सर्वांत प्रिय, तेही अख्खे न लावता नखाएवढा तुकडा लावावा. पानशेत, वरसगाव, खडकवासला हे आपल्या पिण्याचे पाणी आहे, तेव्हा मासे जमवण्यासाठी किलोकिलो चारा पाण्यात ओतण्याची काही जणांची पद्धत मला मुळीच मान्य नाही. दोन मुठी पुरतात.

गळ किती खोल सोडायचा हे माशाच्या तोंडावरून ठरते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, आणि मृगळ व सायप्रिनस तळाशी. तुमच्याकडे फ्लोट, म्हणजे दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा, असेल तर आधी तळाची खोली मोजून गळ तळापासून चार बोटे वर ठेवा आणि वीस मिनिटांत काही झाले नाही तर हातभर वर घ्या. फ्लोटची भाषा लवकर शिकता येते. चिलापी टुकटुक करून त्याला नाचवते. रोहू बहुधा त्याला तिरका करून सावकाश ओढत नेतो. आणि फ्लोट बुडण्याऐवजी पाण्यावर आडवा झाला, तर तळावरच्या सायप्रिनसने चारा तोंडात घेऊन शिसे उचलले आहे असे समजावे; पुष्कळ जण त्या वेळी फ्लोट बुडण्याची वाट पाहत बसतात आणि मासा चारा थुंकून निघून जातो. झटका द्यायचा तो मनगटाने, खांद्याने नव्हे.

मरळ हा निराळाच विषय आहे. तो शिकारी मासा असून हवेतून श्वास घेण्यासाठी वर येतो, शेवाळ आणि पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरतो, आणि रबरी बेडूक त्यावरून ओढत आणला तर धडाडून झडप घालतो. त्याच्या मागे लागण्याआधी एक गोष्ट जाणून घ्या. पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर, शेंदरी रंगाच्या बारीक पिल्लांचा घोळका एकत्र वर येऊन श्वास घेताना दिसला, तर त्याच्याखाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. त्या वेळी जे काही जवळ येईल त्यावर ते हल्ला करतात, त्यामुळे ते सहज पकडले जातात, आणि राखण करणारे गेले की घोळका काही वेळात इतर माशांच्या पोटात जातो. अशा जागेवरून गळ उचलून पुढे जावे. शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा जपून धरा. तो हातात घुसला की दिवसभर ठणका लागतो.

महासीरबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुण्याच्या माणसाला हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. दख्खनच्या महासीरचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये केले, आणि ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले. आज त्या नदीचे पात्र पाहिले की विश्वास बसत नाही. देहूजवळ इंद्रायणीच्या डोहातले महासीर वारकरी श्रद्धेने जपले गेले आहेत आणि लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास करून त्याची बोटुकली निरनिराळ्या पाण्यात सोडली आहेत. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, सोनेरी झाक असलेला मासा कधी तुमच्या गळाला लागला, तर ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच गळ काढून त्याला सोडून द्या. चिलापीचे उलट आहे. ती १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणलेली जात असून तोंडात अंडी सांभाळते आणि भराभर वाढते. ती हवी तेवढी घरी न्या. घरच्या काचपेटीतले मासे मात्र कधीही धरणात सोडू नका. उजनीत सापडणारे सकर मासे असेच कोणाच्या तरी हातून सुटलेले आहेत आणि जाळी फाडणाऱ्या त्या काटेरी माशाने मच्छीमारांचे फार नुकसान केले आहे.

यावरून परवानगीचा मुद्दा येतो. धरणाची जमीन आणि पाणी सामान्यतः जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते, तर मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. संस्था पैसे भरून मत्स्यबोटुकली सोडते, त्यावर तिच्या सभासदांची घरे चालतात. म्हणून नव्या धरणावर गेलो की मी आधी सकाळी जिथे होड्या काठाला लागतात आणि मासा वजनाला टाकला जातो तिथे जातो, संस्थेचा माणूस कोण ते विचारतो, गळाने मासेमारी चालते का, शुल्क किती, हे समजून घेतो आणि पावती घेतो. नाही म्हणाले तर परततो. मुळशीचे धरण टाटा पॉवरचे आहे, तेथे तर विचारल्यावाचून काठावर उतरूच नये. रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर तिथे जाळे लावलेले असते, त्याच्या आसपास गळ टाकू नये. शहरातल्या पाषाण आणि कात्रजच्या तलावांवर जाऊ नका. तिथे गळ टाकणे योग्य नाही आणि त्या पाण्यातला मासा खाण्यासारखाही नाही.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, मी रॉड बाहेर काढत नाही. राज्याच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. गोड्या पाण्यातले आपले कार्पजातीचे मासेही याच दिवसांत अंडी घालण्यासाठी ओढ्यांच्या मुखांकडे चढतात, तेव्हा त्यांना मोकळे सोडावे. शिवाय या काळात धरणांखालच्या नदीपात्रात उतरणे जिवावर बेतू शकते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो हे पुणेकर दरवर्षी पाहतात, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हाच्या आठवणी ज्या घरांत आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

सुरक्षिततेबद्दल आणखी तीन गोष्टी सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. धरणात पोहू नका आणि मुलीला गुडघाभर पाण्यातही एकटे उतरू देऊ नका. वरून सपाट दिसणाऱ्या तळात जुन्या नदीची कड असते, तिथे पुढचे पाऊल एकदम खोलात पडते. मुलीच्या अंगात काठावरही लाइफ जॅकेट असू द्या. दुसरी गोष्ट गाळाची. एका एप्रिलमध्ये पानशेतच्या वरच्या टोकाला मी सुकलेल्या, भेगा पडलेल्या काठावरून पाण्याकडे चाललो होतो. वरचा पापुद्रा तीन-चार बोटे जाड होता, तो फुटला आणि मी मांडीपर्यंत आत गेलो. पाय उचलायला जावे तसा दुसरा पाय खोल जात होता. शेवटी सामान बाजूला टाकून मी पालथा पडलो, दोन्ही हात पसरले आणि पोटावर सरपटत मागे आलो. त्या पंधरा फुटांना अर्धा तास लागला. तेव्हापासून उतरत्या पाण्याच्या काठावर मी काठी टोचून पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाही आणि तिथे एकटा जात नाही. तिसरी गोष्ट एप्रिल-मेच्या वळवाची. ढग दाटून आले, दूरवर गडगडू लागले, की रॉड खाली ठेवून गाडीत बसा. आजचे रॉड कार्बनचे असतात आणि त्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखालीही ते उभे धरून चालू नये.

आता तुमच्या कुटुंबाचा विचार करू. सध्या थंडी आहे, तेव्हा पहिला दिवस उजनीला, भिगवणच्या बाजूला काढावा असे मी सुचवेन. सोलापूर रस्त्याने ते सुमारे १०० किलोमीटर आहे. सकाळी तिघांनी मिळून कुंभारगाव किंवा डिकसळ येथून होडीतून पक्षी पाहावेत. होडी चालवणारे बहुतेक जण मूळचे मच्छीमार आहेत आणि पाण्याची त्यांची जाण पाहण्यासारखी असते. या दिवसांत रोहित पक्षी येतात, चित्रबलाक आणि मुग्धबलाक असतात, नदी सुरय पाण्यावर सूर मारत असतात. रोहितांच्या थव्यावर होडी घालायला सांगू नका. ते उडाले की छायाचित्र चांगले येते खरे, पण त्यांचे चरणे मोडते. अकराच्या सुमारास पक्ष्यांच्या उथळ भागापासून दूर, जिथे स्थानिक माणूस दाखवेल त्या दगडी काठावर मुलीला छोटा गळ आणि गांडुळाचा तुकडा देऊन बसवा. चिलापी तिला निराश करणार नाही. पहिल्या दिवशी हाताला काहीतरी लागणे मुलांसाठी फार महत्त्वाचे असते, मग मासा तळहाताएवढा का असेना. जेवायला भिगवणला चिलापी किंवा मरळ मिळते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून याच जलाशयात येते, हे त्या काठावर बसल्यावर मला दर वेळी बोचते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पवना चांगले. जलाशयाभोवती लोहगड, तिकोना आणि तुंग असे तीन किल्ले आहेत. तिकोना तुमच्या पत्नीला मुलीसह तास-दीड तासात सहज चढता येईल, आणि बेडसे लेणीही जवळच आहेत. त्या वेळी तुम्ही तळाची कड शोधत बसू शकता. तिथे तंबूंची गर्दी वाढली आहे, म्हणून शनिवारची रात्र टाळून मधला दिवस मिळाला तर पाहा. तंबूत राहायचेच असेल तर तो पाण्यापासून बराच वर लावा आणि रात्री कोणालाही पाण्याकडे जाऊ देऊ नका. पानशेत-वरसगावच्या बाजूला जायचे असेल तर नीलकंठेश्वराचा डोंगर वाटेत आहे, आणि सिंहगड तर तुम्हाला नवीन नाही.

मे महिन्यात भाटघरला जा, रॉड घरीच ठेवून. भोरमार्गे वेळवंड खोऱ्यात उतरा, कांबरेश्वराचे मंदिर पाण्याबाहेर आले असेल तर ते पाहा आणि काठी टोचत टोचत कोरड्या तळावरची खाचरे मुलीला दाखवा. कोणता बांध कुठे फुटला आहे, ओढा कुठून वळतो, याचा नकाशा तिच्याकडून वहीत काढून घ्या आणि काठावरच्या दोन-दोन खुणा त्यात लिहायला लावा. दिवाळीनंतर पाणी भरलेले असेल, तेव्हा ती वही घेऊन त्याच जागी या आणि पहिला गळ कुठे टाकायचा हे तिला ठरवू द्या. परतताना तुटलेल्या तंगुसाचा एकही तुकडा मागे राहू देऊ नका. मी एका पाणकावळ्याचे पाय त्यात अडकून सुजलेले पाहिले आहेत आणि कात्रीने तो गुंता सोडवायला आम्हा दोघांना वीस मिनिटे लागली होती. ती छोटी कात्री तेव्हापासून माझ्या पिशवीत असते, तुम्हीही एक ठेवा.